दहावरून

कपाट नऊशे दहा मिलिमीटर रुंद आहे असं तिने सांगितलं. ऑफिसच्या ज्या कोनाड्यात ते बसायचं होतं तो नऊशे पाचचा होता, म्हणून दोन हमालांनी ते चार जिने पुन्हा खाली नेलं. लिफ्टचे आराखडे काढणारी कंपनी, आणि तिची स्वतःची लिफ्ट सोमवारपासून बंद. त्यावर हमालांना जे बोलायचं होतं ते त्यांनी जिन्यातच बोलून घेतलं. अर्ध्या तासाने कपाट परत वर आलं. खाली दुकानाच्या माणसाने मोजलं तेव्हा ते बरोबर नऊशे भरलं होतं. कोनाड्यात अलगद बसलंही. "बाई, चार जिने उतरून बारीक झालं बघा," मोठा हमाल घाम पुसत म्हणाला, "तुमच्या साहेबांनाही सांगा, गुण येतो." सगळे हसले. तीही हसली, आणि हसता हसता तिची नजर हातातल्या पोलादी पट्टीकडे गेली. अंगठ्याचं नख दहाच्या रेघेवर रोवलेलं होतं. सोळा वर्षं मिलिमीटरवर पोट भरणाऱ्या बाईने पट्टी शून्यावरून लावलीच नव्हती. कपाटाची कड दहावर धरली होती, पलीकडच्या टोकाचा आकडा वाचला होता आणि दहा वजा न करता तसाच सांगून टाकला होता. बाबा सांगायचे तसा. तिने पट्टी टेबलावर ठेवली. मागच्या रविवारी उताराच्या पायथ्याशी नव्या सायकलवरून उतरून नाकतोडीने हेल्मेट काढून जे म्हटलं होतं ते तिला आता, या कपाटासमोर, नीट ऐकू आलं: "ताई, पुढचं चाक वळणावर तरंगतंय गं. पुढचं आणि मागचं एकमेकांशी बोलत नाहीत."

बाबांच्या पट्टीला शून्य नव्हतं. पट्टी मीटरभर लांब, पण तिच्या टोकाने त्यांनी तीस वर्षं रंगाचे डबे उघडले, नळ्यांमधला गंज खरवडला, अडकलेले खिळे उचकटले. पहिला सेंटिमीटर झिजून बोथट जिभेसारखा झाला होता. नवी घ्या म्हटलं की म्हणायचे, "शून्याचा भरवसा धरू नये. कुठल्याही पट्टीचं आधी शून्यच झिजतं." म्हणून कारखान्यात सगळं दहावरून मोजलं जायचं. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची खोली, पण ते कारखानाच म्हणायचे. लहानपणी तिथे तिचं काम एकच: नळीची कड दहाच्या रेघेवर दाबून धरायची. बाबा दुसऱ्या टोकाला आकडा वाचायचे आणि वहीत तोच लिहायचे, वजाबाकी न करता. करायची गरजच नव्हती. मोजताना दहावरून, कापताना दहावरून. दोन्हीकडे तीच लबाडी, म्हणून काम चोख. त्या खोलीत जगातली प्रत्येक लांबी दहा मिलिमीटरने जास्त होती आणि त्यामुळे कधी कोणाचं काही बिघडलं नाही. बिघडायला वही त्या खोलीबाहेर पडावी लागली असती. ती तिनेच बाहेर काढली होती. ऑफिसातून आल्यावर जेवणाच्या टेबलावर बसून, एकेक आकडा बोटाने धरून, तिने ती कंप्युटरवर उतरवली होती. आकड्यांना हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. बाबांनी लिहिलंय तसंच. आठ महिने ती स्वतःच्या या सचोटीवर खूश होती.

बाबा सायकलीच्या फ्रेमी बनवायचे, त्यातही डोंगरउतारावरून सोडायच्या सायकलींच्या. या सायकलींना चढ ठाऊक नसतो. वर त्या गाडीत घालून नेतात आणि खाली दगडधोंड्यांवरून, मुळांवरून, पाण्याने कापलेल्या घळीतून सोडतात. पुढे चाकाला धरणारा लांब फोर्क, मागे जाड स्प्रिंग, आणि या सगळ्यांना बांधून ठेवणारा नळ्यांचा सांगाडा, जो एकाच माणसाच्या हातापायांवर बेततात, सदऱ्यासारखा. सांगाड्याचे भाग दोन. पुढचा त्रिकोण, ज्यावर माणूस उभा असतो. आणि मागच्या चाकाला धरणारा, बिजागरीवर वरखाली हलणारा भाग, ज्याला बाबा झोका म्हणायचे. नाकतोडीसाठी ही पाचवी फ्रेम होती. नाकतोडी चष्म्याच्या दुकानात काचा घासायची आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरावरून उड्या मारायची. हे नाव बाबांनीच दिलं, तिच्या लांब पायांवरून. पुढे दुसऱ्याच वर्षी तिने एका खडकावर खरोखरच नाक फोडून घेतलं तेव्हा बाबा आठवडाभर अपराधी चेहऱ्याने वावरले होते, जणू नावानेच तिला ढकललं. पाचव्या फ्रेमीचा झोका त्यांनी स्वतः जोडून पुरा केला. बुधवारी दुपारी शेवटचा सांधा मारला, चष्मा कपाळावर सरकवला, आईला चहा टाक म्हणाले, आणि चहा गाळून होईपर्यंत ते बाकावर एका बाजूला कलले होते. पुढचा त्रिकोण फक्त वहीत राहिला. तो तिने पुरा केला: नळ्या यंत्रावर कापून आणल्या, टोकं कानशीने घासली, आणि बाबांचे जुने सोबती वेल्डरकाका यांच्याकडून सांधे मारून घेतले. झोका कधी मोजून पाहिला नाही. तो बाबांनी केलेला होता. तो कशाला मोजायचा?

त्या संध्याकाळी तिने मोजला. पायडलच्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंत, ऑफिसच्या पट्टीने, शून्यावरून. वहीत चारशे पंचेचाळीस लिहिलेलं. झोका चारशे पस्तीस. मग पुढच्या नळ्या. त्या वहीबरहुकूम, म्हणजे बाबांच्या मनातल्यापेक्षा दहाने लांब. तिला एकदम हायसं वाटलं, इतकं की ती बाबांच्या बाकावर, जिथे आठ महिन्यांत कोणी बसलं नव्हतं, जाऊन बसली. चूक सापडली होती आणि ती पूर्णपणे तिची होती. बाबांच्या आकृतीत खोट नव्हती. पुढचा त्रिकोण कापायचा, दहा काढायचे, परत जोडायचा. की मग फ्रेम त्यांची ती त्यांची. तिने तिथूनच नाकतोडीला फोन लावला आणि भराभरा सगळं सांगितलं. पलीकडे काचा घासण्याच्या चाकाचा आवाज थांबला. "ताई, कापू नकोस," नाकतोडी म्हणाली. "काही म्हणजे काही करू नकोस. मी दुकान बंद करून येते."

ती आली तशी आत आलीच नाही, कारखान्याच्या दारात चौकटीला खांदा लावून उभी राहिली, बाबा असतानाही अशीच उभी राहायची. "चूक आहे ती," ताईने पुन्हा सांगितलं, वही उघडून, पट्टी दाखवून, शाळेतल्या फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं. "पुढे दहा जास्त झालेत. माझ्यामुळे."

"हो ना. तेच दहा मला हवे होते."

"म्हणजे?"

"म्हणजे पहिल्यांदा मी सायकलीत मावले." नाकतोडीने खाली बघत बुटाने फरशीवरचा कीस गोळा केला. "चार फ्रेमी झाल्या, ताई. दर वेळी काका पायथ्याशी उभे असायचे. कसं वाटतंय? मी म्हणायचे, झकास. झकासच होतं गं, खोटं नाही. फक्त गुडघे हँडलला भेटायचे. उतार तीव्र झाला की मला मागे मागे सरकून बसावं लागायचं, बाकावर तिसऱ्याला जागा करून देतात तसं. मला वाटायचं माझेच पाय वाईट. मग सवय झाली."

"सांगितलं का नाहीस?"

"तू सांगितलं असतंस?"

बाबांचं मत होतं की फ्रेम आखूड हवी. आखूड फ्रेम हाताशी राहते, सांगाल तिथे वळते, लांब फ्रेम आपलंच खरं करते. हे ते चाकाला वंगण देताना, दाढी करताना, पाहुण्यांना पाटावर बसवून सांगायचे. घरात ते इतक्यांदा ऐकलं होतं की ते मत आहे हेच ती विसरली होती. आता या पोरीच्या तोंडून ते ऐकताना, म्हणजे त्याचा पराभव ऐकताना, तिची कानशिलं तापली. माणूस असताना गप्प राहायचं आणि गेल्यावर त्याच्याच दारात उभं राहून हिशोब सांगायचा! पण नाकतोडीच्या आवाजात फिर्याद नव्हतीच. ती नाक ओढत होती, त्या एकदा मोडलेल्या नाकातून शीळ आल्यासारखा आवाज येत होता. "पुढचं आहे तसंच राहू दे," ती म्हणाली. "मागे दहा वाढव. मग दोन्ही चाकं बोलायला लागतील."

"मागे म्हणजे झोका."

"झोका." नाकतोडीने पहिल्यांदा वर पाहिलं. "नवा कर ना. हा काकांचा जपून ठेव. मी थांबते. शर्यत पुढच्या वर्षीही आहे, डोंगर काही कुठे पळून जात नाही."

ताई म्हणाली, "बघते." याहून कोरडं काही तिला त्या क्षणी सुचलं असतं तर तेही म्हणाली असती.

स्वयंपाकघरात आई मटार सोलत होती. "काय म्हणत होती ती दगडावरून उड्या मारणारी?" तिने सांगितलं, सांगताना राग लपवायचा प्रयत्न केला आणि तो आईला दिसला. आईने एक शेंग सोलली, दुसरी सोलली. मग म्हणाली, "हा ओटा बघ." "ओट्याला काय झालं?" "काही नाही झालं, बत्तीस वर्षं. दोन बोटं खाली आहे फक्त. ह्यांनी माझी उंची मोजली ती मी खाली पडलेला चमचा उचलत असताना. माणूस घाईचा." ती आईकडे बघत राहिली. आई रोज या ओट्यासमोर जराशी वाकून उभी असते; ते आईचं उभं राहणं आहे असं ती समजत होती, जसं कोणाचं नाक असतं, कोणाची चाल असते. "आणि तू बोलली नाहीस?" "पहिल्याच दिवशी बोलणार होते. तर हे असे उभे, हात मागे बांधून, जसं काही समुद्रावर पूल बांधलाय. म्हटलं, उद्या बोलू. उद्या उशीर झाला होता." आईने सालं गोळा केली. "मग आता फोडून उंच करून घेऊ या?" तिने विचारलं. "आता कशाला? माझी पाठ त्याच मापाची झालीय. त्या पोरीची अजून व्हायचीय."

शनिवारी वेल्डरकाकांना बोलावलं. त्यांनी सायकलीपासून सोडवलेला झोका हातात घेतला, उजेडाकडे धरला, सांध्यांवरून बोट फिरवलं. बाबांचा सांधा लांबून ओळखू यायचा. वितळून गोठलेल्या धातूचे मणी, एकाला एक चिकटून, सारखे. एकाच ठिकाणी, डाव्या नळीच्या मुळाशी, सातव्या मण्यानंतर किंचित जागा सुटली होती. हात थांबला होता, पुन्हा चालला होता. आठ महिने ती त्या जागेकडे बघत आली होती. दम लागला असेल का. छातीत काही हललं असेल का. की फक्त खिडकीतून कोणी हाक मारली. "नवा झोका आठ दिवसांत करून देतो," वेल्डरकाका म्हणाले, "पण हा कापायला मला सांगू नकोस. त्याच्या टाक्यावर मी चक्री चालवू? माणूस गेला म्हणून त्याचा सदरा फाडतात का?" "फाडायचा नाही हो काका, वाढवायचा आहे." "तू त्याचीच. तुझ्याशी कोण बोलणार." त्यांनी झोका बाकावर अगदी हळू ठेवला, झोपलेलं मूल ठेवावं तसा. "टांग भिंतीला. चांगला मोठा खिळा ठोक. येता जाता दिसेल."

रविवारी सकाळी ती खिळा आणि हातोडी घेऊन कारखान्यात गेली. हे तिला मनापासून पटलं होतं. नवा झोका सायकलीला, जुना भिंतीला, कोणाचंच मन मोडायला नको. पत्र्याच्या फटींतून ऊन बाकावर तिरकं पडलं होतं. ती जागा शोधू लागली. समोरच्या भिंतीवर कानशी, लहानमोठ्या क्रमाने. डावीकडे पाने, पक्कडी, करवती. उजवीकडे नळ्यांचे तुकडे, मापाने लावलेले, प्रत्येकावर खडूने आकडा, दहाने जास्त. प्रत्येक खिळ्याला काही ना काही होतं आणि जे होतं ते वापरात होतं. एवढ्या भिंतींवर बाबांनी बनवलेली एकही गोष्ट नव्हती. साठ-सत्तर फ्रेमी या खोलीतून बाहेर गेल्या असतील. इथे एक नाही, फोटोसुद्धा नाही. मोडून परत यायच्या त्यांच्या धडक्या नळ्या कापून ते दुसरीत घालायचे. ती शाळेत असताना एक लाल फ्रेम झाली होती, इतकी देखणी की ही आपल्याकडेच ठेवा म्हणून तिने हट्ट धरला होता. "ठेवून काय करू?" बाबा म्हणाले होते, खरंच न कळून. "सायकल थांबली की आडवी होते." तिला तेव्हा ते कंजूषपणाचं वाटलं होतं. तिने वही उघडली. नाकतोडीच्या पाच फ्रेमी, पाच पानं. प्रत्येक पानावर आकडे खोडलेले, एकेका रेघेने, खालचा वाचता येईल असे. पहिल्या फ्रेमीपासून चौथीपर्यंत पुढची नळी त्यांनी दर वेळी दोन-तीन मिलिमीटरने वाढवलेली. ही पानं तिने कितीदा पाहिली होती, पण आकडे उतरवून घेणाऱ्याच्या डोळ्यांनी. खोडलेल्याकडे बघायचं कारणच नव्हतं. पोरगी झकास म्हणत होती आणि हे गुपचूप वाढवत होते. पोरीचे गुडघे त्यांना दिसत होते. मत सोडवत नव्हतं, म्हणून दोन-दोन मिलिमीटरनी. या चालीने या दहापर्यंत पोचायला त्यांना अजून चार-पाच फ्रेमी लागल्या असत्या.

तिने वही मिटली. मग तिने हातोडी तिच्या जागी अडकवली आणि करवत काढली.

झोका बाकावरच्या शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळताना तिने नळीभोवती कापड गुंडाळलं, चरा पडू नये म्हणून, आणि मग आपण काय करायला निघालोय हे आठवून स्वतःशीच नाकातून हसली. सांध्याला हात लावायचा नव्हता. त्यापासून चार बोटं सोडून नळी कापायची, मधला तुकडा काढायचा, दहाने लांब घालायचा. दोन्ही टोकांचे मणी होते तिथे राहतील. वहीत लिहिलेलं अखेर शून्यावरून खरं होणार होतं, बाबांच्या मनातलं मात्र नाही. हे कोणाला सांगितलं तर कळणारही नाही. पातं पहिल्यांदा घसरलं. दुसऱ्यांदा धरलं. पोलादाचा बारीक कीस पडू लागला, तापलेल्या तेलाचा वास आला, हा वास बाबांच्या मनगटांना असायचा आणि साबणाने जायचा नाही. तिने घाई केली नाही. पाव नळी कापली, अर्धी कापली. डावा दंड भरून आला. थोडंसंच उरलं असताना तिला वाटलं आता तुकडा खाली लोंबेल, म्हणून तिने दुसरा हात खाली धरला. आणि त्याच क्षणी नळी स्वतःच तुटली, टण्ण करून, एवढ्या जोराने की करवत हातातून उडाली आणि बाकावरचे पाने खडखडले. काप एका पात्याच्या जाडीचा होता. आता तिथे तिच्या करंगळीचं टोक जाईल एवढी फट होती. नळीची दोन टोकं एकमेकींपासून मागे सरली होती आणि अजून बारीक थरथरत होती.

हे तिला माहीत असायला हवं होतं. तापलेला सांधा निवताना आकसतो आणि नळीला आपल्याकडे ओढतो. दुसऱ्या टोकाचा सांधाही ओढतो. आणि मग दोन्हीकडून ताणलेली नळी वरून अगदी निवांत दिसते. हात लावला तरी कळत नाही. हा झोका जवळजवळ सगळे आठ महिने बाकावर पडून होता, तिने रोज पुसला होता, आणि सगळा वेळ तो आतून असा खेचलेला होता. तिने व्हर्नियर आणलं, फट मोजली. सहा मिलिमीटर. आकडा लिहून ठेवायला हवा, नव्या तुकड्याच्या मापात हा ताण धरावा लागेल, हे तिच्या डोक्यातलं आराखडे काढणारं डोकं म्हणत होतं, आणि पेन्सिल सापडत नव्हती, कारण समोरचं काही नीट दिसतच नव्हतं.

"काय पडलं गं?" आई दारात आली होती, पदराला हात पुसत.

"पडलं नाही. सुटलं."

आई आत आली. बुधवारच्या त्या दुपारनंतर ती या खोलीत आली नव्हती. ती बाकापाशी थांबली, खाली वाकली, तिने करंगळीचं टोक फटीत घालून पाहिलं आणि काढून घेतलं. "एवढं?"

"एवढं ओढून धरलेलं होतं."

 झोक्याच्या दुसऱ्या, अजून अखंड नळीवरून आईने हात फिरवला, मुळाशी असलेल्या मण्यांवरून सावकाश नेला, जिथे जागा सुटली होती तिथेही तो थांबला नाही. मग तिने ती नळी दोन्ही हातांनी पकडली, शेगड्याच्या पलीकडे उभी राहून, पाय जरा फाकवून, पाठ ताठ करून.

"ही पण कापायची ना?"

"हो. आई, हात लांब घे. तुटताना उसळी मारते."

"मारू दे," आई म्हणाली. "मी धरलंय."

तिने पातं टेकवलं.